कामावरील अपघात, भरपाई आणि तडजोडीचा कागद

(रायगडच्या किनारपट्टीतील बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय रुक्ष आहे. त्यात टक्केवारी आहे, मुदती आहेत, हिशेब आहे. तथापि ज्या घरातील कर्ता पुरुष किंवा कमावती स्त्री पहाटे डबा घेऊन कामावर जाते, त्या घराने हा हिशेब शांतपणे एकदा तरी ऐकून ठेवला पाहिजे. कारण ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी कोणाचेही चित्त थाऱ्यावर नसते, आणि ठेकेदाराचा माणूस मात्र नेमका त्याच दिवशी कागद घेऊन दारात उभा असतो.

उरण, पनवेल, पेण, अलिबाग या तालुक्यांत भरपाई हा शब्द कोणाला नवीन नाही. परंतु त्या शब्दाचा अर्थ येथे जमिनीची भरपाई असा होतो. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या, त्यात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे सूत्र पोराबाळांच्या तोंडी बसले. तो लढा मोठा होता, त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ज्यांच्या नावावर सातबारा नव्हताच, त्यांच्या वाट्याला त्या भरपाईतून काय आले? आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांकडे वतनाची चतकोर जमीन आणि गावाच्या सेवेची सक्ती एवढेच होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि ती सक्ती संपली. त्यानंतर आपल्या माणसाने कारखान्यात, बंदरात, बांधकामावर विकायला नेले ते आपले दोन हात. ते हात हेच त्याचे भांडवल आहे. जमिनीच्या गुंठ्याचा दर ज्या किनाऱ्यावर प्रत्येकास पाठ आहे, तेथे हाताच्या अंगठ्याचा दर किती जणांस ठाऊक आहे? कायद्यात तो लिहिलेला आहे. मी तो आज सांगणार आहे.

अपघात हे काही दूरचे भय नव्हे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या तेल व नैसर्गिक वायू प्रकल्पातील आगीत चार जण गेले. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी थळच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात स्फोट होऊन तीन जण मृत्युमुखी पडले. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीतील ब्लू जेट हेल्थकेअर या औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट व आग होऊन अकरा कामगारांचा बळी गेला. अशा मोठ्या दुर्घटना वर्तमानपत्रात येतात, मंत्री येतात, मदत जाहीर होते. परंतु पट्ट्यात अडकून गेलेला पंजा, परांचीवरून पडून मोडलेला कणा, आम्लाने गेलेला डोळा, यांची बातमी होत नाही. त्या घरांना जाहीर मदतही मिळत नाही; मिळू शकते ती केवळ कायद्याची भरपाई, आणि तीही मागितली तरच.

हा कायदा केव्हापासून आहे? कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यापूर्वी जखमी मजुराला मालकाचा हलगर्जीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागे, आणि तो सिद्ध करण्याइतका पैसा आणि आयुष्य कोणाकडे होते? १९२३ च्या कायद्याने एक मूलभूत पालट केला. दोष कोणाचा, हा प्रश्नच मुळी बाजूस सारला. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे दिसले की मालक देणेकरी झाला. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांची भरपाई मालकांवर बंधनकारक करून तिच्यासाठी विमा उतरवावयास लावणारा १९४३ चा कायदा त्यांच्याच खात्याने आणला. आणि प्राध्यापक आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची जी योजना १९४४ मध्ये सादर केली, तिच्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. इतिहास एवढाच पुरे.

आता आजची स्थिती. १९२३ च्या कायद्याचे नाव २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे झाले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आहे. जुन्या कायद्याची बहुतेक तत्त्वे संहितेत तशीच उतरली आहेत. आयुक्ताला आता सक्षम प्राधिकारी म्हणतात, कलमांचे आकडे बदलले आहेत. ज्यांचा अपघात त्या तारखेपूर्वीचा आहे, त्यांचा हक्क जुन्या कायद्याखाली निर्माण झालेला आहे. तो नव्या संहितेमुळे बुडाला असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नका. दावा दाखल करण्याची मुदत अपघातापासून, आणि मृत्यू झाला असल्यास मृत्यूच्या तारखेपासून, दोन वर्षांची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण त्या भरवशावर बसणे शहाणपणाचे नाही.

पहिली शंका बहुतेकांची अशी असते, की “आम्ही कंपनीचे कुठे? आम्ही ठेकेदाराचे.” याच एका वाक्यावर हजारो दावे जन्माला येण्यापूर्वीच मरतात. कायदा असे म्हणतो, की ज्याच्या आवारात आणि ज्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम ठेकेदारामार्फत करून घेतले जाते, तो मूळ मालक जणू काही त्यानेच माणूस कामावर ठेवला आहे असे समजून भरपाईला जबाबदार आहे. मग तो ठेकेदाराकडून ती वसूल करो वा न करो. तो त्यांचा आपसातील प्रश्न. म्हणून अर्जात दोघांचीही नावे घालावीत. मालकाने विमा उतरविला असेल तर विमा कंपनीचेही घालावे.

दुसरी शंका, “मी तर चारच दिवस कामावर होतो, बदली म्हणून गेलो होतो.” तात्पुरत्या स्वरूपाच्या मजुराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने कायद्यातून गेले. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला यंत्रात हात गेला तरी हक्क उभा राहतो. बंदरात जहाजावर माल चढविणे-उतरविणे, एक मजल्याहून उंच किंवा जमिनीपासून बारा फूट वर जाणाऱ्या इमारतीचे बांधकाम, यंत्रशक्तीने चालणारे कारखाने, ट्रॅक्टरची शेती, ही सारी कामे यादीत आहेत. कामाच्या रसायनाने किंवा धुळीने जडलेले रोगही यादीत आहेत. पारा, क्रोमियम, बेंझीन, ॲसबेस्टॉस यांच्याशी रोज संबंध येणाऱ्यांनी आपल्या खोकल्याला आणि त्वचेच्या चट्ट्यांना केवळ नशीब समजू नये.

तिसरी शंका अपराधाची. “चूक त्याचीच होती, हातमोजे घातले नव्हते.” “तोंडाला वास येत होता.” मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्णपणे निकामी झाला असेल, तर दारूचा किंवा नियमभंगाचा हा बचाव मालकाला मुळीच मिळत नाही. बाकीच्या इजांमध्ये तो मिळतो, पण इजा थेट नशेमुळे झाली, किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षासाधन त्याने मुद्दाम काढून टाकले, हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. साधा निष्काळजीपणा म्हणजे जाणूनबुजून केलेला भंग नव्हे. आणि जे हातमोजे दिलेच नव्हते ते न घालणे हा अपराध कसा होईल?

चौथी गोष्ट रस्त्यावरची. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात मरण पावला. आयुक्तांनी त्याच्या कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले, कारण तो अजून कामावर पोहोचला नव्हता. त्याच्या पत्नीने, मुलांनी आणि आईने हार मानली नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासात झालेला अपघात, त्याच्या वेळेचा, स्थळाचा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातूनच उद्भवलेला मानावा, असे न्यायालयाने ठरविले. नव्या संहितेतही हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आहे. बावीस वर्षे लागली हे खरे, आणि ते कोणालाही भूषणावह नाही. पण रात्रपाळीला धरमतरच्या रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्या आपल्या तरुणांच्या घरांना हा निकाल आज उपयोगी आहे. मात्र वाहनाच्या धडकेचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते. दोहोंपैकी एकच दार निवडावयाचे असते. दुसऱ्याच्या चुकीचा पुरावा असेल तर तेथील रक्कम पुष्कळदा अधिक होते. म्हणून अर्ज करण्याआधी वकिलाला विचारावे.

आता हिशेब. कागद-पेन्सिल असेल तर घ्या. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक; कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले तोच गुणक. गुणकांचा तक्ता कायद्यालाच जोडलेला आहे. वय वीस असेल तर गुणक २२४.००, तीस असेल तर २०७.९८, चाळीसला १८४.१७, पन्नासला १५३.०९, साठला ११७.४१. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी एक कमाल मर्यादा धरतात. ती ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ८,००० वरून १५,००० रुपये झाली.

समजा, तीस वर्षांचा एक फिटर आहे आणि त्याचा पगार १५,००० किंवा त्याहून अधिक आहे. त्याचा मृत्यू झाला, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. तो कायमचा पूर्ण निकामी झाला, तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. अंशतः अपंगत्वाला या दुसऱ्या रकमेची टक्केवारी मिळते. अंगठा गेल्यास ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. एका हाताचा पंजा गेल्यास ६० टक्के, म्हणजे ११,२३,०९२. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ४० टक्के. दोन्ही हात किंवा कामापुरती सारी दृष्टी गेली तर पूर्ण शंभर. हाच फिटर पन्नास वर्षांचा असता, तर मृत्यूची रक्कम ११,४८,१७५ झाली असती.

यादीतील टक्केवारी हाच शेवटचा शब्द नव्हे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. यादीप्रमाणे तो अंशतः अपंग. पण एका हाताचा सुतार कोणते सुतारकाम करणार? १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपंगत्व पूर्ण मानले, आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात सांगितले. म्हणून डॉक्टरच्या दाखल्यात केवळ अवयवाची टक्केवारी नको. हा माणूस कोणते काम करीत होता आणि ते आता करू शकतो का, हेही लिहून घेतले पाहिजे.

हाड मोडले, दोन-तीन महिन्यांत जुळेल, अशी इजा असेल तर मासिक वेतनाच्या २५ टक्के इतकी रक्कम दर पंधरवड्यास मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षे. पहिले तीन दिवस मोजत नाहीत. पण काम अठ्ठावीस दिवस किंवा त्याहून अधिक बुडाले तर पहिल्या दिवसापासूनचे मिळते. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. त्यासाठी प्रत्येक पावती जपून ठेवावी लागते, औषधाच्या दुकानाची चिठोरी देखील.

मालकाने एक महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत, तर थकलेल्या रकमेवर दरसाल १२ टक्के व्याज. आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडाची जादा रक्कम. वरील पंधरा लाख साठ हजारांवर एका वर्षाचे व्याजच १,८७,१८२ रुपये होते. “न्यायालयात गेलात तर वर्षे जातील” अशी भीती कोणी घालू लागला, तर त्याला हा आकडा शांतपणे सांगावा. वरच्या न्यायालयात अपील करावयाचे असेल, तरी मालकाला आधी मंजूर रक्कम जमा करावी लागते.

हा सारा हिशेब कर्मचारी राज्य विमा योजनेत नसलेल्यांसाठी आहे. ज्यांच्या पगारातून ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो, त्यांनी महामंडळाकडे जावयाचे असते. भरपाईचा वेगळा दावा त्यांना लावता येत नाही. २०१७ पासून ही योजना दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी आहे. तेथे एकरकमी पैसे मिळत नाहीत. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, मृत्यूनंतर विधवेला व मुलांना दरमहा निवृत्तिवेतनासारखी रक्कम. माझ्या मते तरुण विधवेच्या दृष्टीने ही व्यवस्था एका ठोक रकमेपेक्षा अधिक सुरक्षित आहे, कारण तिच्यावर दिराची, भावाची, सावकाराची नजर पडत नाही. पण कपात होऊनही नाव नोंदविलेलेच नसते असे ठेकेदार आहेत. आजच घरी जाऊन विमा क्रमांक विचारा.

आता मी ज्या दोन गोष्टींसाठी मुख्यतः बोलावयास उभा आहे त्यांकडे येतो.

पहिली गोष्ट रुग्णालयातील पहिल्या कागदाची. जखमी माणसाला घेऊन मुकादम दवाखान्यात येतो. डॉक्टर विचारतात, काय झाले? मुकादम सांगतो, “घरी जिन्यावरून पडला.” किंवा “गाडीवरून घसरला.” डॉक्टर तेच केसपेपरवर लिहितात. माणूस शुद्धीवर नसतो. बायको रडत असते. आणि भावाला वाटते, खर्च कंपनीच करते आहे, उगीच वितंडवाद नको. बंधूंनो, त्या एका ओळीने पंधरा लाखांचा हक्क डळमळतो. पुढे साक्षीदार फुटतात, हजेरीपट बदलतो, पण तो केसपेपर मात्र विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या हातात तसाच राहतो. म्हणून घरचे जे कोणी प्रथम पोहोचेल त्याने डॉक्टरांना स्वतः सांगावे, की हा अमुक कारखान्यात, अमुक यंत्रावर, अमुक वेळी जखमी झाला; आणि ते लिहिले की नाही हे वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारे पोर बरोबर न्यावे. पोलीस ठाण्यात नोंद झाली पाहिजे. मृत्यू असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नये. देहाची विटंबना होते ही समजूत सोडून द्यावी. कारखान्यातील अपघाताची चौकशी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. त्याच्या अहवालाची प्रत मागावी. आणि मालकाला लेखी सूचना द्यावी, पोचपावतीच्या टपालाने. चार ओळी पुरतात: नाव, तारीख, जागा, इजा. सूचना नाही म्हणून दावा बुडतोच असे नाही, पण मालकाला माहीत होते हे मग आपल्याला दाखवावे लागते.

कामाचा पुरावा आधीपासून घरात हवा. गेटपास, पगारपत्रक, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, सुरक्षा प्रशिक्षणाचे कार्ड, यांची एक प्रत पत्र्याच्या पेटीत असू द्या. रोखीने मजुरी घेणाऱ्याने निदान हजेरीच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून बायकोच्या फोनवर पाठवीत जावे. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर असे बंधन आले होते, की माणूस कामावर घेतानाच त्याला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी. आपल्यापैकी किती जणांना असा कागद मिळाला, हे तुम्हीच एकमेकांना विचारा.

दुसरी गोष्ट तडजोडीच्या कागदाची. जलदानविधी अजून व्हावयाचा असतो. ठेकेदार येतो, त्याच्याबरोबर गावातलाच एखादा प्रतिष्ठित असतो. तो म्हणतो, “ताई, साहेब माणुसकीने दोन लाख देताहेत. कोर्टकचेरीत काय ठेवलंय? शिवाय धाकट्या दिराला नोकरी लावतो म्हणतात.” मुद्रांकाच्या कागदावर इंग्रजी मजकूर असतो, शेवटी अंगठ्याची जागा असते. काही वेळा मजकूरही नसतो, कागद कोराच असतो.

या कागदाची कायद्यात किंमत काय? मृत्यूच्या प्रकरणी भरपाई आयुक्ताकडे, आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा केल्यावाचून दिलीच असे होत नाही. मालकाने विधवेच्या हातात थेट रोख दिली, तर कायद्याच्या दृष्टीने ती भरपाई नव्हेच. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी त्यातून वजा होऊ शकते. त्याचप्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देतो किंवा कमी करतो असा कोणताही करार मुळातच रद्दबातल आहे. मग त्यात नोकरीचे आश्वासन असो, मुलाच्या शिक्षणाचे असो, की “यापुढे काहीही मागणी नाही” असे ठळक अक्षरांत लिहिलेले असो. ज्यांनी असा अंगठा पूर्वी दिला आहे आणि ज्यांची दोन वर्षांची मुदत उलटलेली नाही, त्यांनी तो कागद फाडू नये. तो घेऊन वकिलाकडे जावे. ते पैसे मिळाले असेही लपवू नये. अर्जात खरे लिहिणाऱ्यावरच प्राधिकाऱ्याचा विश्वास बसतो.

तडजोड सर्वस्वी वाईट असे मी म्हणत नाही. जखमी माणूस जिवंत आहे, रक्कम वादाची आहे, टक्केवारीबद्दल दोन डॉक्टरांचे दुमत आहे, अशा वेळी समेट हितावह ठरू शकतो. पण तो समेट नोंदला गेला पाहिजे. प्राधिकारी करार पाहतात. रक्कम अपुरी वाटली, दडपण किंवा फसवणूक दिसली, तर नोंद नाकारतात. करार नोंदण्यासाठी पाठविलाच नाही, तर मालकाला कायद्याप्रमाणे होणारी संपूर्ण रक्कम द्यावी लागते. म्हणून तडजोडीच्या बैठकीला जाताना प्रश्न एकच विचारावा: “हा कागद नोंदणार का?” उत्तर टाळले गेले की हेतू समजतो.

लोकअदालतीबद्दल मात्र सावध असावे. तेथील समेट लवकर होतो, न्यायालयशुल्क लागत नाही. पण तेथे सही केल्यावर अपील नाही. मी मघाशी सांगितलेला गुणाकार घरीच करून, त्यात व्याज मिळवून, तो आकडा हातात घेऊनच तेथे जावे. आणि लक्षात ठेवावे, की मोठ्या दुर्घटनेनंतर शासन किंवा कंपनी जी मदत जाहीर करते ती वेगळी. बांधकाम कामगार मंडळाचे अर्थसाहाय्यही वेगळे. बांधकामावर वर्षात नव्वद दिवस काम करणाऱ्याने त्या मंडळात नाव नोंदवावे, आणि त्याचे नूतनीकरण चुकवू नये.

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांची एक स्वतंत्र अडचण आहे, ती बोलल्यावाचून सोडता येत नाही. दीक्षेनंतर पुष्कळांनी आपले किंवा मुलांचे नाव बदलले. ते योग्यच केले. पण हजेरीपटावर जुने नाव, आधारपत्रावर नवे, बँकेत तिसरेच, असे झाले की मालकाचा वकील विचारतो, “मेला तो माणूस आणि तुमचा नवरा एकच कशावरून?” नाव बदलले असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि मग सर्व कागद एकसारखे करा, कामावरचा कागदही. तसेच विवाहाचे. विहारात मंगलपरिणय झाला, छायाचित्रे काढली, आणि नोंदणी राहून गेली, अशी घरे मला ठाऊक आहेत. विधवा, अज्ञान मुले, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना अवलंबित्व वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पण आपण विधवा आहोत हे तर दाखवावे लागतेच. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली गावातच ग्रामपंचायतीत नोंद होते. ज्यांची राहिली असेल त्यांनी ती आता करावी, लग्नाला वीस वर्षे झाली असली तरी.

“बौद्ध झालात, आता सवलत कुठली?” असे सांगून विनामूल्य वकिलाच्या दारातून परत पाठविल्याचे ऐकू येते. १९५६ नंतर कित्येक वर्षे केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या हे सत्य आहे. परंतु १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध धर्म मानणाऱ्यांचा समावेश झाला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे; त्याखाली अनुसूचित जातीची व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोणतीही स्त्री, यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे आपली विधवा भगिनी दोन कारणांनी पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागच्या जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्याच्या न्यायालयांत समित्या आहेत, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. मग मिळणाऱ्या रकमेचा तिसरा हिस्सा मागणाऱ्या दलालाची गरज काय? भरपाई ही दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही आणि तिच्यावर सावकाराची जप्तीही येत नाही, हे त्यालाही ऐकवावे. दावा अपघात झाला तेथे लावता येतो, तसाच आपण राहतो तेथेही. नवरा गुजरातच्या बंदरात गेला म्हणून म्हसळ्याच्या स्त्रीने गुजरातला खेटे घालण्याचे कारण नाही.

शेवटी, पैसे जमा झाल्यानंतर काय होते तेही सांगतो, कारण त्यावरून घराघरांत भांडणे लागतात. रक्कम प्राधिकाऱ्याकडे आली की अवलंबितांना बोलावणे येते, आणि कोणाला किती हे तेच ठरवितात. सासऱ्याने किंवा दिराने ठरवावयाचे नसते. अज्ञान मुलांचा हिस्सा बहुधा त्यांच्या नावे बँकेत मुदतठेवीत गुंतवितात. त्या ठेवीचे व्याज मुलांच्या खर्चासाठी मागता येते, आणि मुलीची शाळेची फी किंवा आजारपण असेल तर मुदतीपूर्वी काही रक्कम काढण्याचा अर्ज करता येतो. अर्जासोबत शाळेचे पत्र किंवा दवाखान्याचे बिल जोडावे. ठेवीच्या पावतीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, आणि ती वही पेटीत त्याच गेटपासशेजारी ठेवावी.